संक्रांतीला सूर्य खरंच उत्तरेकडे वळतो का? मुरुडच्या एका शिक्षकाने पंचांगाचा हिशोब आकाशाशी ताडून पाहिला, त्याची गोष्ट

१४ जानेवारी. तिळगूळ, हळदीकुंकू, पतंग आणि व्हॉट्सअॅपवर फिरणारा तो ठरलेला मेसेज: आजपासून सूर्य उत्तरेकडे सरकायला लागला, दिवस मोठा व्हायला लागला.

मेसेज चुकीचा आहे. सूर्य तीन आठवडे आधीच वळलेला असतो. २१-२२ डिसेंबरला वर्षातला सगळ्यात लहान दिवस होऊन जातो आणि दुसऱ्या दिवसापासून सूर्याचा उत्तरेकडचा प्रवास सुरू होतो. घराच्या छपरावर सोलर पॅनल असेल तर त्याला हे कळतं. पंचांगाला मात्र ते १४-१५ जानेवारीला कळतं.

हा फरक का पडला, किती पडला आणि तो असाच वाढत राहिला तर काय होईल, हे सगळं साधारण १३० वर्षांपूर्वी मराठीत हिशोब मांडून सांगितलं गेलं. सांगणारा माणूस वेधशाळेत नव्हता, विद्यापीठात नव्हता. तो शाळामास्तर होता. नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित, गाव मुरुड, जिल्हा रत्नागिरी.

समुद्रकाठचं गाव आणि मास्तरकीची नोकरी

मुरुड म्हटलं की अनेकांना जंजिरा आठवतो. ते मुरुड रायगड जिल्ह्यातलं. दीक्षितांचं मुरुड दापोली तालुक्यातलं, हर्णैच्या जवळचं. महर्षी धोंडो केशव कर्वे ज्या गावात वाढले, तेच हे मुरुड. कर्वे जन्मले १८५८ साली, दीक्षित त्यांच्याआधी पाच वर्षं, जुलै १८५३ मध्ये. एवढ्याशा गावातून पाच वर्षांच्या अंतराने अशी दोन माणसं निघाली.

दीक्षितांचं सुरुवातीचं शिक्षण कोकणातच झालं. पुढे ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात गेले. मराठी शाळांसाठी शिक्षक तयार करणारी ही सरकारी संस्था. १८७४ मध्ये ते मॅट्रिक झाले आणि पदवीच्या वाटेला न जाता नोकरीला लागले. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि शेवटी पुण्याचं ते ज्या कॉलेजात शिकले तेच ट्रेनिंग कॉलेज, असा त्यांच्या बदल्यांचा नकाशा आहे.

म्हणजे दिवसा वर्ग, संध्याकाळी वह्या तपासणं आणि उरलेल्या वेळात संस्कृत ज्योतिषग्रंथ, इंग्रजी खगोलशास्त्र आणि आकडेमोड. हाताशी कॅल्क्युलेटर नाही. एका ग्रहाचं एका दिवसाचं स्थान काढायचं तरी कागदावर लांबलचक गुणाकार-भागाकार करावे लागायचे.

इथे एक शब्द स्पष्ट करायला हवा. आज ज्योतिष म्हटलं की पत्रिका आणि भविष्य आठवतं. दीक्षितांच्या काळात या शब्दात आकाशातल्या ज्योतींचं गणितही येत असे, आणि दीक्षितांनी आयुष्य घातलं ते मुख्यतः या गणितावर.

पंचांगाचं नेमकं बिनसलं कुठे?

महाराष्ट्रातली बरीचशी जुनी पंचांगं ज्या ग्रंथावरून तयार व्हायची, तो म्हणजे गणेश दैवज्ञांचा 'ग्रहलाघव'. साल १५२०. गणेश दैवज्ञही कोकणातलेच, नांदगावचे. त्यांनी कमाल केली होती. ग्रहगणितातली ज्या-कोज्यांची, म्हणजे आज शाळेत शिकवतात त्या साइन-कोसाइनची किचकट भानगड टाळून त्यांनी साधी बेरीज-वजाबाकी आणि गुणाकार-भागाकार करून ग्रह काढता येतील अशी रीत बसवली. म्हणूनच ती गावोगावी पोहोचली.

पण घड्याळ कितीही चांगलं असलं तरी ते अधूनमधून लावून घ्यावं लागतं. ग्रहलाघवाचं घड्याळ साडेतीनशे वर्षं तसंच चालू होतं. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी पंचांगांतले आकडे लोकांसमोर आले आणि फरक दिसू लागला. ग्रह पंचांगात एका ठिकाणी आणि आकाशात दुसरीकडे. ग्रहणाच्या वेळा जुळेनात.

यावर पहिला मोठा घाव घातला तो गणिताचे प्राध्यापक केरो लक्ष्मण छत्रे यांनी. १८६५ पासून त्यांनी नव्या गणितावर आधारलेलं पंचांग काढलं. ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखलं जातं. म्हणजे ग्रहांची जागा दुरुस्त झाली. पण त्याहून खोलवरचा एक प्रश्न शिल्लक होता: वर्ष नेमकं किती दिवसांचं?

चोवीस मिनिटांची गडबड

वर्ष मोजायच्या दोन रीती आहेत.

पहिली ऋतूंची. सूर्य वसंत संपातापासून, म्हणजे दिवस आणि रात्र सारखे होतात त्या २०-२१ मार्चच्या बिंदूपासून निघून पुन्हा तिथेच येतो. याला लागतात ३६५ दिवस, ५ तास आणि साधारण ४९ मिनिटं. या वर्षाला धरून चालणारं गणित म्हणजे सायन.

दुसरी ताऱ्यांची. सूर्य एका ठरावीक ताऱ्यापासून निघून पुन्हा त्याच ताऱ्यापाशी येतो. याला २० मिनिटं जास्त लागतात. याला धरून चालणारं गणित म्हणजे निरयन. आपली बहुतेक पंचांगं निरयन आहेत.

हा फरक येतो कुठून? पृथ्वी भोवऱ्यासारखी डुलते म्हणून. भोवरा गरगर फिरता फिरता त्याची आरही हळूहळू गोल फिरते, तसा पृथ्वीचा अक्ष साधारण २६,००० वर्षांत एक फेरी घेतो. त्यामुळे वसंत संपाताचा बिंदू ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर दरवर्षी किंचित मागे सरकतो. ७२ वर्षांत एक अंश.

त्यात सूर्यसिद्धांताने धरलेलं वर्ष ३६५ दिवस, ६ तास, १२ मिनिटं आणि ३६ सेकंदांचं. ताऱ्यांच्या खऱ्या वर्षापेक्षाही ते तीन-साडेतीन मिनिटं मोठं. म्हणजे ऋतूंच्या वर्षाशी फरक झाला जवळपास २४ मिनिटांचा.

वर्षाला २४ मिनिटं ऐकायला किरकोळ वाटतात. पण ६० वर्षांत त्यांचा एक आख्खा दिवस होतो.

याचा पुरावा एका प्रसिद्ध जन्मतारखेत दडलेला आहे. स्वामी विवेकानंद जन्मले त्या दिवशी मकर संक्रांत होती. तारीख होती १२ जानेवारी १८६३. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. सण हलला नाही असं आपल्याला वाटतं, पण तो ऋतूंच्या तुलनेत पुढे पुढे चालला आहे.

सूर्याचा मेष राशीतला निरयन प्रवेश आज १४ एप्रिलच्या आसपास येतो. वसंत संपात मात्र २०-२१ मार्चला होऊन गेलेला असतो. साधारण २४ दिवसांची ही तफावत गेल्या पंधरा-सतरा शतकांत थेंबाथेंबाने साठलेली आहे. असंच चालू राहिलं तर कधीतरी चैत्रात पालवीऐवजी पाऊस येईल. दीक्षितांच्या मनाला लागलेली गोष्ट हीच होती.

फूटपट्टी घ्या आणि बघा

दीक्षितांचं म्हणणं तपासायला दुर्बीण लागत नाही. जुने ज्योतिषी बारा अंगुळांची काठी उभी करून तिची सावली मोजायचे. त्या काठीला शंकू म्हणत. आपल्याकडे बारा इंचांची फूटपट्टी आहे. गच्चीत ती सरळ उभी करायची आणि माध्यान्हीची सावली मोजायची.

आता माध्यान्ह म्हणजे दुपारचे बारा नाहीत. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, आणि रत्नागिरी त्याच्या सव्वानऊ अंश पश्चिमेला. त्यामुळे रत्नागिरीत सूर्य सरासरी १२ वाजून ३७ मिनिटांनी डोक्याशी सर्वात वर येतो. वर्षभरात ही वेळ साधारण १२:२० ते १२:५० यांमध्ये पुढेमागे होते. दीक्षितांच्या हयातीत ही अडचण नव्हती. प्रमाणवेळ आली १९०६ मध्ये. तोवर गावागावाची वेळ बरीचशी आपापल्या सूर्याप्रमाणे चालायची.

रत्नागिरी १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे बारा इंचांच्या पट्टीची माध्यान्हीची सावली अशी पडते:

२२ डिसेंबरला साधारण १०.२ इंच. वर्षातली सर्वात लांब.

१४ जानेवारीला साधारण ९.५ इंच.

२१ मार्चला साधारण ३.७ इंच.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य. सावली पायाखाली नाहीशी होते.

२१ जूनला सावली उलटीकडे, दक्षिणेला पडते, सव्वा-दीड इंचाची. कारण तेव्हा सूर्य आपल्या डोक्याच्याही उत्तरेला गेलेला असतो.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा शून्य. ढगांनी परवानगी दिली तर दिसेल.

पहिले दोन आकडे पुन्हा वाचा. संक्रांतीच्या दिवशी सावली आधीच पाऊण इंचाने घटलेली आहे. याचा अर्थ उत्तरायण तीन आठवड्यांपूर्वी सुरू झालं. यात मत-मतांतराला जागा नाही. पट्टी ठेवा, मोजा, संपलं.

तुमच्या छपरावरचा सूर्य सायन आहे

आज हे गणित थेट घराच्या छपराशी येऊन भिडलं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना सुरू झाली. तिच्यात १ किलोवॉटच्या यंत्रणेला ३०,००० रुपये, २ किलोवॉटला ६०,००० आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला ७८,००० रुपये अनुदान ठरलं. पॅनल छपरावर चढायला लागले तसे लोकांना प्रश्नही पडायला लागले. तोंड कुठे करायचं? किती तिरकं लावायचं?

ढोबळ नियम असा आहे की उत्तर गोलार्धात पॅनलचं तोंड दक्षिणेकडे आणि कल अक्षांशाच्या जवळपास. रत्नागिरीत अक्षांश १७, म्हणून कलही १७ अंशांच्या आसपास. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि आकाश स्वच्छ असतं, तेव्हा या कलाचा फायदा होतो. मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य उत्तरेला असतो, पण त्यातला बराचसा काळ कोकणात पावसाचाच.

सूर्य कोणत्या दिवशी किती उंचीवर असेल हे काढायला एक आकडा लागतो: वसंत संपातापासून सूर्य किती पुढे गेला आहे. मोबाईलमधलं सूर्याची जागा दाखवणारं अॅपही हाच आकडा वापरतं. हा आकडा म्हणजे सायन सूर्य. त्याऐवजी निरयन सूर्य घेतला तर उत्तर सुमारे २४ दिवसांनी चुकेल.

तारे कुठे आहेत हे सांगायला निरयन गणित चालतं. पण ऊन, सावली, पाऊस, पेरणी आणि वीज यांचा सूर्य सायन असतो. दीक्षितांना सोलर पॅनल माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता, पण ऋतूंशी ज्याचा संबंध आहे ते ऋतूंच्या वर्षाने मोजावं, हा त्यांचा मुद्दा पॅनलच्या बाबतीत जसाच्या तसा लागू पडतो.

हरलेली लढाई

या मुद्द्यावर दीक्षित एकटे नव्हते. विसाजी रघुनाथ लेले हे सायन गणनेचे मोठे पुरस्कर्ते, आणि जनार्दन बाळाजी मोडक हेही त्याच बाजूचे. या मंडळींनी १८८० च्या दशकात सायन पंचांग काढायला सुरुवात केली.

दीक्षितांच्या मांडणीतली गंमत अशी की त्यांनी परंपरेविरुद्ध पाश्चात्त्य विज्ञान असा सामना लावलाच नाही. त्यांनी परंपरेलाच साक्षीला बोलावलं. वेदांत महिन्यांची नावं चैत्र-वैशाख अशी सुरू होत नाहीत, मधु-माधव अशी सुरू होतात, आणि मधु-माधव म्हणजे वसंत. महिना ऋतूला बांधलेला होता. मग आपला महिना ऋतूपासून सुटत चालला असेल तर परंपरा नेमकं कोण मोडतंय? प्रश्न अडचणीचा होता.

पण लोकांनी सायन पंचांग स्वीकारलं नाही. कारण समजण्यासारखं आहे. पंचांग बदललं की संक्रांत बदलते, अधिक महिना बदलतो, काही वर्षी दिवाळीच एक महिना इकडची तिकडे होते. एका घरात दसरा आणि शेजारच्या घरात अजून भाद्रपद, हे कोणाला चालणार? गणित बरोबर असणं आणि गावाने एकत्र सण साजरा करणं या दोन गोष्टींत लोकांनी दुसरी निवडली. सायन पंचांग मोजक्या लोकांपुरतं राहिलं.

दीक्षितांनी आपलं मत सोडलं नाही. त्यांनी पुढचं काम हाती घेतलं.

रात्रीच्या अठ्ठेचाळीस मिनिटांसाठी पुस्तक

दीक्षितांची एक बाजू आजच्या वाचकाला पटकन जवळची वाटेल. ते सामान्य माणसासाठी विज्ञान लिहायचे.

१८७६ मध्ये 'विद्यार्थिबुद्धिवर्धिनी', १८८२ मध्ये 'सृष्टचमत्कार', आणि १८९२ मध्ये त्यांचं सर्वांत लोकप्रिय झालेलं 'ज्योतिर्विलास'. या शेवटच्या पुस्तकाला त्यांनी जोडनाव दिलं होतं, रात्रीची दोन घटका मौज. एक घटका म्हणजे २४ मिनिटं. दोन घटका म्हणजे ४८ मिनिटं, म्हणजे आजच्या हिशोबाने वेबसिरीजचा एक एपिसोड. तेवढ्या वेळात आकाश बघायचं, समजून घ्यायचं आणि मजा घ्यायची.

त्या काळात खगोलशास्त्र दोन कुलपांत बंद होतं. जुनं संस्कृतात, नवं इंग्रजीत. दीक्षितांनी दोन्ही किल्ल्या मिळवल्या आणि दार मराठीत उघडलं. ज्याला नक्षत्रं ओळखता येतात, त्याला पंचांगातलं विधान स्वतः पडताळता येतं. तो कोणाच्याही शब्दावर अवलंबून राहत नाही.

दगडावरच्या गुरुवारचा शोध

पंचांगाच्या भांडणातून आलेली आकडेमोड दीक्षितांना एका वेगळ्याच क्षेत्रात घेऊन गेली. ते क्षेत्र म्हणजे इतिहास.

गुप्त राजे नेमके कधी होऊन गेले, यावर एकोणिसाव्या शतकात विद्वानांत मोठा वाद होता. शिलालेखांत गुप्त संवताची वर्षं होती, पण त्या संवताचं पहिलं वर्ष इसवी सनाच्या कोणत्या वर्षी पडतं यावर एकमत नव्हतं. अंदाजांत शेकडो वर्षांचा फरक होता. समुद्रगुप्त-चंद्रगुप्तांचा सगळा काळच अधांतरी.

जॉन फेथफुल फ्लीट हे इंग्रज अधिकारी आणि पुराभिलेखतज्ज्ञ या लेखांवर काम करत होते. त्यांना असा माणूस हवा होता जो हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या एखाद्या तिथीला कोणता वार होता, हे खात्रीने काढून देईल. हे काम दीक्षितांनी केलं.

युक्ती समजायला सोपी आहे. मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यात एरण नावाचं गाव आहे. तिथल्या खांबावर बुधगुप्ताच्या काळातला लेख आहे. त्यात गुप्त संवत १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि वार गुरुवार, असं तिन्ही दिलेलं आहे. आता गुप्त संवताचा आरंभ एखाद्या वर्षी धरायचा, त्यावरून त्या द्वादशीचा वार काढायचा, आणि तो गुरुवार येतो का बघायचं. आला नाही तर अंदाज बाद.

इसवी सन ३१९-३२० हा आरंभ धरला की उत्तर येतं २१ जून ४८४, गुरुवार. बरोबर जुळतं.

वार सातच असल्यामुळे एखादा लेख योगायोगानेही जुळू शकतो. म्हणून एकावर न थांबता अनेक लेखांतल्या तिथी-वारांची अशी तपासणी झाली. फ्लीट यांचा गुप्त लेखांचा ग्रंथ १८८८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि गुप्त संवताचा प्रश्न मार्गी लागला. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात गुप्त काळाची जी वर्षं आपण पाठ करतो, त्यांच्या मुळाशी एका मराठी मास्तरांची आकडेमोड आहे.

याच कामाचा विस्तार म्हणजे 'द इंडियन कॅलेंडर'. मद्रास इलाख्यातले सनदी अधिकारी रॉबर्ट सेवेल आणि दीक्षित यांनी मिळून केलेला हा ग्रंथ १८९६ मध्ये लंडनहून निघाला. इसवी सन ३०० ते १९०० या काळातली भारतीय तिथी इंग्रजी तारखेत कशी बदलायची, याची कोष्टकं त्यात आहेत. आज मोबाईलवर एका टॅपमध्ये तिथीची तारीख होते. शंभर वर्षांपूर्वी इतिहास संशोधक त्यासाठी हे पुस्तक उघडायचे.

आयुष्याचं पुस्तक

तरी दीक्षितांचं नाव टिकलं ते एका मराठी ग्रंथामुळे: 'भारतीय ज्योतिषशास्त्र'.

सुरुवात झाली दक्षिणा प्राइज कमिटीच्या एका स्पर्धेतून. पेशवे विद्वानांना जी दक्षिणा द्यायचे, त्या निधीचा काही भाग इंग्रजी अमलात मराठी ग्रंथांना बक्षिसं देण्याकडे वळवला गेला होता. कमिटीने पंचांगाच्या इतिहासावर ग्रंथ मागवला. दीक्षितांनी १८८० च्या दशकाच्या शेवटी तो लिहून पूर्ण केला आणि बक्षीस मिळवलं. छापील ग्रंथ पुण्यातून निघाला १८९६ मध्ये, म्हणजे 'द इंडियन कॅलेंडर' निघाला त्याच वर्षी.

वेदांगज्योतिषापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत कोणी काय लिहिलं, कोणाचं गणित किती बरोबर होतं, कोणाचं कुठे चुकलं, कोणाच्या नावावर खपवलेलं दुसऱ्याचंच आहे, हे सगळं त्यांनी मूळ ग्रंथ मिळवून, आकडे पुन्हा मांडून तपासलं. कित्येक ग्रंथ तेव्हा फक्त हस्तलिखितांत होते.

त्यांच्या संशोधनातला सर्वांत गाजलेला मुद्दा कृत्तिकांचा. शतपथ ब्राह्मणात असं विधान आहे की कृत्तिका पूर्व दिशा सोडत नाहीत. दीक्षितांनी ते काव्य न समजता निरीक्षण समजून वाचलं. कृत्तिका बरोबर पूर्वेला उगवायला हव्या असतील तर त्या आकाशाच्या विषुववृत्तावर असल्या पाहिजेत. पृथ्वीच्या अक्षाच्या डुलण्याचा हिशोब मागे नेला तर असं कधी होतं? उत्तर येतं इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षं.

हेही पडताळून बघता येतं. आज रत्नागिरीतून पाहिलं तर कृत्तिका बरोबर पूर्वेला उगवत नाहीत. त्या पूर्वेपासून साधारण २५ अंश उत्तरेकडे उगवतात. नोव्हेंबरच्या संध्याकाळी मोबाईलचं होकायंत्र घेऊन समुद्राकडे पाठ करून उभं राहिलं की हा फरक दिसतो. पाच हजार वर्षांचं डुलणं एका नजरेत.

या एका विधानावरून ग्रंथाचा काळ ठरवावा का, याबद्दल पुढच्या अभ्यासकांत मतभेद झाले आणि ते आजही आहेत. निरीक्षण जुनं असेल, पण लिहून ठेवलं गेलं नंतर, असंही म्हणता येतं. त्याच दशकात लोकमान्य टिळकांनी 'ओरायन'मधून मृगशीर्षाच्या आधारे वेदांचा काळ आणखी मागे नेला होता. निष्कर्षांवर वाद घालता येतो, पण दीक्षितांचा मार्ग स्पष्ट होता. जुन्या ग्रंथातलं वाक्य घ्या, ते आकाशाशी ताडा, आकडे लोकांसमोर ठेवा.

चव्वेचाळीस वर्षांचं आयुष्य

१८९६ हे दीक्षितांच्या आयुष्यातलं सुगीचं वर्ष. मराठीतला महाग्रंथ आणि लंडनचं इंग्रजी पुस्तक, दोन्ही एकाच वर्षी हातात. त्यानंतर त्यांना दोनच वर्षं मिळाली. एप्रिल १८९८ मध्ये त्यांचं निधन झालं. वय होतं ४४.

मराठीत असल्यामुळे त्यांचा ग्रंथ जगभरच्या अभ्यासकांना लवकर वाचता आला नाही. हिंदी भाषांतर यायला १९५७ उजाडलं. र. वि. वैद्य यांनी केलेल्या इंग्रजी भाषांतराचा पहिला भाग १९६९ मध्ये आणि दुसरा १९८१ मध्ये सरकारने प्रसिद्ध केला. मूळ पुस्तक निघाल्याला तेव्हा ८५ वर्षं झाली होती.

त्याआधी एक महत्त्वाची गोष्ट घडली होती. स्वतंत्र भारतात पंचांगांचा गोंधळ तसाच होता, देशभर तीसेक वेगवेगळी पंचांगं चालत होती. १९५२ मध्ये शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली कॅलेंडर सुधारणा समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९५५ मध्ये आला आणि त्यात दीक्षितांच्या ग्रंथाचा आधार ठिकठिकाणी घेतलेला आहे. समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ रोजी राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली.

ही दिनदर्शिका सायन आहे. तिच्यात १ चैत्र म्हणजे २२ मार्च, लीप वर्षी २१ मार्च. ऋतू आणि महिना एकमेकांना बांधलेले. तिच्यात वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने ३१ दिवसांचे आहेत, कारण जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सर्वात लांब असते, सावकाश चालते, आणि म्हणून मार्च ते सप्टेंबर हा अर्धा भाग उरलेल्या अर्ध्यापेक्षा सुमारे सात दिवसांनी मोठा असतो.

धार्मिक सण मात्र निरयन गणनेनेच चालत राहिले. त्यामुळे संक्रांत आजही १४-१५ जानेवारीला आहे, आणि पुढच्या शतकात ती आणखी पुढे जाईल. राष्ट्रीय दिनांक सरकारी राजपत्रावर छापला जातो, आकाशवाणीवर सांगितला जातो आणि बहुतेक लोक तो ऐकून विसरून जातात. पण त्या दिनदर्शिकेत १ पौष ही तारीख २२ डिसेंबरला येते, उत्तरायण खरोखर सुरू होतं त्याच सुमाराला. हा मेळ बसायला हवा, हे दीक्षित हयातभर सांगत होते.